खानापूर भागातल्या मराठी शाळेत कुठली ऑनलाईन टूल्स खरंच चालतात, माझा तीन वर्षांचा अनुभव

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं जंगलाकडच्या एका गावात सरकारी मराठी शाळेत शिकवते. पहिली ते सातवी. गणित आणि विज्ञान माझ्याकडं, आणि माणसं कमी असल्यामुळं चौथी-पाचवी बऱ्याचदा एकाच खोलीत घ्यावी लागते. मागच्या ट्रेनिंगला निपाणी, चिकोडी, बेळगाव ग्रामीणकडच्या मैत्रिणी भेटल्या, चहाच्या वेळी मोबाईलवर त्यांना एक-दोन गोष्टी दाखवल्या तर सगळ्यांचं एकच, अगं हे नीट लिहून काढ की, असं तुकड्या-तुकड्यानं मेसेज टाकून कुणाला काय कळणार. म्हणून आज बसून सगळं एकदाच लिहिते. लांबलंय, खरं ज्याला गरज आहे तो वाचेलच.

आधी एक सांगते कारण माझं सगळं मत त्याच्यावरच ठरलंय. शिक्षकांसाठी टूल्स म्हणून नेटवर हुडकलं की पन्नास-पन्नास नावांच्या याद्या येतात, आणि त्यातली निम्मी टूल्स असं धरून चालतात की प्रत्येक पोराच्या हातात टॅब आहे, वर्गात वायफाय आहे आणि पोराला इंग्रजी वाचता येतंय. आमच्यात यातलं एकही नाही. जूनपासून कणकुंबीकडनं पाऊस एकदा लागला की लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, रेंज मिळते ती शाळेच्या पायरीवर, दाराशी आणि पाण्याच्या टाकीजवळ, वर्गात चार पावलं आत गेलं की गायब. पोरांच्या घरी मोबाईल आहे, खरं तो बाबांच्या खिशात, आणि बाबा गोव्याला नाहीतर बेळगावला उद्यमबागेत कामाला, ते रात्री आठला घरी येणार नाहीतर शनिवारीच येणार.

दुसरी अडचण खास आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांची आहे, ती पुण्याकडच्या शिक्षकांना सांगितली तरी पटकन ध्यानात येत नाही. आपली पुस्तकं कर्नाटकची, माध्यम मराठी, गणित-विज्ञान एनसीईआरटीच्या धर्तीवर. मराठीत तयार व्हिडिओ, वर्कशीट, टेस्ट जे काय ढिगानं मिळतं ते बालभारतीच्या पुस्तकावर बेतलेलं, त्यात धड्यांचा क्रम वेगळा, कधी कधी शास्त्रातले शब्दपण वेगळे. आणि आपल्या अभ्यासक्रमाचं म्हणून जे मिळतं ते बहुतेक कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं होतं आमच्या पोरांचं. त्यामुळं कुठलंही टूल हातात आलं की मी एवढंच बघते, एका मोबाईलवर भागतंय काय, रेंज गेल्यावर काही उरतंय काय आणि मराठी घालता येते काय. सोबत कन्नड पण असली तर सोन्याहून पिवळं.

यात सगळ्यात वर माझ्याकडं प्लिकर्स, म्हणजे अख्ख्या वर्गाची उत्तरं एका मोबाईलवर गोळा करायचं ॲप. तीन वर्षं वापरते, आणि उद्या कुणी म्हणालं एकच ठेव, बाकी सगळी सोड, तर मी हेच ठेवीन. नाव पेपर आणि क्लिकर या दोन शब्दांचं मिळून झालंय. परदेशात कॉलेजच्या वर्गात पोरांच्या हातात उत्तरं द्यायला बटणांचं छोटं यंत्र द्यायचे, त्याला क्लिकर म्हणायचे, त्याच्या जागी हे कागदाचं कार्ड. कार्डावर काळ्या चौकोनांची नक्षी असते, लांबनं क्यूआर कोडसारखी दिसते, आणि प्रत्येक नंबरच्या कार्डाची नक्षी वेगळी. चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं. उत्तर बी वाटत असेल तर बी वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं, आपण मोबाईलचा कॅमेरा वर्गावरनं फिरवायचा, झालं काम. कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट आपल्या स्क्रीनवर. अक्षरं एवढी बारीक की शेजाऱ्याला दिसत नाहीत आणि नक्षी सगळ्यांची वेगळी असल्यामुळं हुशार पोराकडं बघून आपलं कार्ड फिरवायचं म्हटलं तरी जमत नाही.

पहिल्यांदा वापरलं तो दिवस सांगते. पाचवीला अपूर्णांक शिकवून झाले होते, फळ्यावर गोल काढून भाग रंगवून दाखवले होते, समजलं काय विचारल्यावर होऽऽय बाई असा दणदणीत आवाज आला होता. प्रश्न टाकला, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यात मोठा कुठला. कॅमेरा फिरवला. २९ पोरांतल्या २१ जणांनी एक चतुर्थांश धरलेला. चार हे तिनापेक्षा मोठे म्हणून. मोबाईल हातात धरून मी थोडा वेळ गप्पच उभी राहिले. होय म्हणणारी ती पुढच्या बाकावरची पाच-सहा पोरं होती, बाकीचा वर्ग त्यांच्या आवाजात आवाज मिसळून मोकळा व्हायचा, आणि मी बारा वर्षं त्या एका आवाजावर पुढचा धडा घेत आले होते. फार लागलं ते मनाला.

जेवणाच्या सुट्टीला अजून अर्धा तास होता. डब्यातल्या दोन भाकऱ्या काढल्या, एकीचे तीन सारखे तुकडे केले, दुसरीचे चार, दोन्ही ताटल्या टेबलावर मांडल्या आणि विचारलं, लई भूक लागलीय, एकच तुकडा मिळणार, कुठल्या ताटलीतला उचलशील? मागच्या बाकावर एक पोरगा आहे, वर्षभर तोंड उघडलं नव्हतं त्यानं, तो उभा राहून म्हणाला, "तिनातला घेणार ओ बाई, त्यो दांडगा हाय." बाकीची पोरं टेबलाभोवती गोळा झाली, तुकड्यावर तुकडा ठेवून बघितला. परत तोच प्रश्न, परत कॅमेरा. आता चुकलेले चारच. त्या चौघांची नावं स्क्रीनवर होती, दुपारी त्यांना शेजारी घेऊन बसले आणि कागदाच्या पट्ट्या दुमडून परत केलं. नाव माहिती असण्याचा फायदा इथं कळतो. नाहीतर वर्गातली कुठली चार पोरं मागं राहिलीत हे मला परीक्षेतच कळलं असतं, तोवर आम्ही अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पण संपवलेली असती.

आता वापरायच्या बारीकसारीक गोष्टी. कार्डांची पीडीएफ त्यांच्या साईटवर फुकट मिळते, ४० चा संच घ्या, आपल्याकडं त्यापेक्षा मोठा वर्ग क्वचितच. झेरॉक्सवाल्याला जाड कार्डशीटवर काढायला सांगा. लॅमिनेशन करायचंच तर मॅट करा, चकचकीत नको. मी हौसेनं पहिला संच चकचकीत केला आणि खिडकीचा उजेड पडला की कार्ड आरशासारखं चमकायचं, कॅमेऱ्याला नक्षीच दिसायची नाही, सगळे पैसे पाण्यात. पोरं कार्ड छातीशी घट्ट धरतात आणि अंगठा नेमका नक्षीवर ठेवतात, मग ते कार्ड वाचलं जात नाही, म्हणून पहिले दोन दिवस नुसतं कडेला धरायची सवय लावा. कार्डाच्या मागं नंबर आणि पोराचं नाव लिहून ठेवा, पाचव्या मिनिटाला कार्डांची अदलाबदल होतेच. ॲपला नेट लागतं, म्हणून मी दाराशी उभी राहते, तिथं रेंजपण मिळते आणि अख्खा वर्गपण कॅमेऱ्यात येतो. प्रोजेक्टरची गरज नाही, प्रश्न फळ्यावर लिहा नाहीतर नुसता वाचून दाखवा. प्रश्न मराठीत टाईप होतात, काही अडचण नाही. फुकटच्या खात्यात एका संचात पाचच प्रश्न बसतात, खरं असे संच कितीपण करता येतात आणि तासाच्या शेवटच्या पाच मिनिटात पाचाच्या वर प्रश्न विचारायला वेळ कुठं असतो. ज्या दिवशी रेंज अजिबातच नाही त्या दिवशी आमचा जुना उपाय, सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि एक ते चार बोटं छातीजवळ धरायची. नावं साठत नाहीत, खरं अंदाज येतो.

याच्या जवळचंच क्विझिझ, २०१५ ला बेंगळूरात सुरू झालेलं, आता त्याचं नाव वेग्राउंड केलंय. त्यातपण कागदी कार्डांचा प्रकार आहे आणि दुसऱ्या शिक्षकांनी केलेले तयार प्रश्न भरपूर. ज्यांच्या शाळेत प्रोजेक्टर नेहमी चालू असतो त्यांनी हे बघायला हरकत नाही. कहूट तुम्ही ऐकलंच असेल, नॉर्वेचा प्रश्नमंजुषेचा खेळ, गाणं वाजतं आणि पोरं नाचायला लागतात, खरं त्याला प्रत्येक पोराकडं नाहीतर निदान प्रत्येक गटाकडं एक स्क्रीन लागते. कंप्युटर लॅब असलेल्या हायस्कूलवाल्यांसाठी ठीक, आपल्यासाठी नाही.

दुसरं स्टोरीवीव्हर, आणि सीमाभागातल्या मराठी शाळेला याच्यासारखं दुसरं काही नाही असं माझं अगदी मनापासून मत आहे. प्रथम बुक्स म्हणून बेंगळूरची ना-नफा संस्था आहे, त्यांनी २०१५ मध्ये सुरू केलं. चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं, हजारोंनी, फुकट. चार पातळ्या केल्यात, पहिली म्हणजे एका पानावर एक-दोन वाक्यं, चौथी म्हणजे चांगली मोठी गोष्ट. लायसन्स खुलं आहे, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून पीडीएफ उतरवा, छापा, वाटा, बदल करा, कुणाची परवानगी मागायची गरज नाही. एकदा बेळगावला गेल्यावर चांगल्या नेटवर बसून मी शंभरेक गोष्टी पेनड्राईव्हवर उतरवून आणल्यात, आता रेंज असो नसो.

खरा उपयोग पुढं आहे. एकच गोष्ट, तीच चित्रं, मराठीत पण मिळते आणि कन्नडमध्ये पण. कोकणीतपण काही आहेत. आपल्या पोरांचं कन्नड कसं असतं तुम्हाला माहितीच आहे. लिपी येते, अक्षराला अक्षर जुळवून घडाघडा वाचतात, आणि काय वाचलं विचारलं की गप्प. प्रश्नोत्तरं पाठ करून पास होतात. कन्नड माझा विषय नाही, आमचे कन्नडचे सर घेतात, खूप जीव तोडून शिकवतात, तेपण याला कंटाळले होते. मग आम्ही दोघांनी ठरवलं, सोमवारी मी गोष्ट मराठीतनं वाचणार, चित्रं दाखवणार, पोरांशी बोलणार, आणि गुरुवारी तीच गोष्ट सर कन्नडमधनं घेणार. गोष्ट पोरांच्या डोक्यात आधीच असते, त्यामुळं शब्दाचा अर्थ चित्रावरनं आणि आठवणीवरनं लागतो.

एका गोष्टीत हत्तीण आणि तिचं पिल्लू होतं. कन्नडच्या पानावर तायी आने असं लिहिलेलं. आने म्हणजे हत्ती हे चित्रावरनं सगळ्यांना लगेच कळलं, आणि तायी वाचून पोरं खुश, ताई हत्ती, ताई हत्ती म्हणून गलका. आता चौथीत एक पोरगी आहे, तिच्या आईचं माहेर बैलहोंगलकडचं, घरी आई कन्नडच बोलते. मराठी वर्गात ही पोरगी कायम मागं, उत्तर देताना शब्द अडकायचा, बाकीची हसायची, म्हणून बोलायचीच नाही. त्या दिवशी ती जागेवरनं हळूच म्हणाली, "ताई न्हवं, आई. हत्तीची आई." सरांनी तिला पुढं बोलावलं. मग पिल्लाला काय म्हणतात, पावसाला काय म्हणतात, झाडाला काय, पोरं तिला विचारायला लागली आणि ती सांगत सुटली, मरि, मळे, मर, आणि तिन्ही शब्द कानाला सारखे लागल्यामुळं सगळी हसली, तीपण हसली. आता गुरुवारी तिच्या शेजारी बसायला भांडणं होतात. मी हे लिहिताना पण मला भरून येतंय, कारण तीन वर्षं तिच्या डोक्यात काय काय साठलेलं आहे ते मला कळलं नव्हतं, कळायला तिच्या भाषेतलं एक पान समोर यावं लागलं.

एवढंच सांगते की भाषांतरं वेगवेगळ्या लोकांनी केलेली आहेत, त्यामुळं छापायच्या आधी मराठी आणि कन्नड दोन्ही एकदा वाचून घ्या, एखादा शब्द आपल्या पोरांना परका वाटेल असा असला तर पेन्सिलनं शेजारी आपला शब्द लिहा. रंगीत प्रिंट महाग पडते, मी काळी-पांढरी काढते आणि पोरांनाच रंगवायला देते, पुस्तक त्यांचं होऊन जातं.

विज्ञानाला फेट. स्पेलिंग पी-एच-ई-टी. अमेरिकेतल्या कोलोराडो बोल्डर विद्यापीठाचं काम, कार्ल वीमन म्हणून भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले प्राध्यापक, त्यांनी २००२ मध्ये सुरू केलं. सिम्युलेशन म्हणजे स्क्रीनवरची प्रयोगशाळा, पोरांनी स्वतः हात लावून बघायची. बरीच सिम्युलेशन मराठीत भाषांतर केलेली आहेत आणि मुख्य म्हणजे एकेक सिम्युलेशन फाईल म्हणून उतरवता येतं, मग ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतं. फुकट आहे आणि मधे जाहिराती नाहीत.

सातवीला विजेचा धडा असतो. आमच्याकडं गावातल्या एका माजी विद्यार्थ्यानं, तो गोव्याला हॉटेलात नोकरीला आहे, जुना लॅपटॉप दिलाय, त्यावर सर्किट जोडायचं सिम्युलेशन घातलंय. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर, अकरा पोरं त्याच्याभोवती गोळा. सेल घेतला, तार घेतली, बल्ब घेतला, तार जोडली की तारेतनं निळे ठिपके सरकायला लागतात, ते इलेक्ट्रॉन. मधे तार तोडली की सगळीकडचे ठिपके एकदम थांबतात. पुस्तकात लिहिलंय की मार्ग पूर्ण पाहिजे, तेच पोरांनी डोळ्यांनी बघितलं. मग एकानं सेलच्या दोन टोकांना नुसती तार लावली, बल्ब न घालता, आणि स्क्रीनवर सेलला आग लागलेली दिसली, तर सगळी मागं सरकली. शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते परत कधी सांगावं लागलं नाही. एक मात्र मी नेहमी पाळते, स्क्रीनवर झालं की त्याच तासाला खरा सेल, खरी तार, टॉर्चचा बल्ब हातात द्यायचा. स्क्रीनवरचा बल्ब पहिल्या झटक्यात लागतो, खऱ्या बल्बला तार नीट टेकवायला बोटं शिकावी लागतात.

खऱ्या वस्तूंवरनं आठवलं, अरविंद गुप्तांची साईट ज्यांनी बघितली नाही त्यांनी आजच बघा. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ, जुनी सीडी, रिकाम्या बाटल्या, असल्यातनं केलेली शास्त्राची खेळणी. मराठीत व्हिडिओ आहेत, मराठीत पुस्तकं आहेत, सगळं फुकट. साईट दिसायला जुनी आहे, नुसत्या यादीसारखी, त्याला घाबरू नका. काड्या आणि नळीचे त्रिकोण-चौकोन करून त्रिकोण दाबला तरी का मोडत नाही हे आम्ही सहावीला केलं, दोन दिवस पोरं घरी जाऊन छपराच्या कैच्या बघत होती.

गणितात जिओजेब्रा. २००१ पासून आहे, ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्गमध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी विद्यापीठात शिकताना केलेलं. मोबाईलवर एकदा ॲप घेतलं की नेट लागत नाही. त्रिकोणाचं एक टोक बोटानं ओढायचं, तिन्ही कोन बदलतात आणि बेरीज १८० च राहते, पोरं ओढून ओढून दमतात. हायस्कूलवाल्यांना तर आलेखापासून सगळ्याला लागेल.

दीक्षा या सरकारी शिक्षणाच्या ॲपबद्दल वेगळं काय सांगायचं, २०१७ पासून आहे, पुस्तकातले क्यूआर कोड त्याचेच. एकच युक्ती सांगते. मराठीत व्हिडिओ हवा असेल तर प्रोफाईलमध्ये महाराष्ट्र बोर्ड आणि मराठी माध्यम निवडा, आणि धड्याच्या नंबरानं हुडकू नका, विषयाच्या नावानं हुडका, कारण आपला सातवा धडा त्यांचा तिसरा असू शकतो. व्हिडिओ आधी स्वतः बघा, आपल्या पुस्तकात जो शब्द आहे तोच व्हिडिओत आहे काय ते तपासा, वेगळा असेल तर फळ्यावर दोन्ही लिहून ठेवा. व्हिडिओ ॲपमध्ये उतरवून ठेवता येतात. तसंच शब्दांसाठी आणि माहितीसाठी मराठी विश्वकोश, वाईला तयार झालेला, वीस खंडांचा, आता सगळा नेटवर. मोठ्या पोरांना थोडा जड जातो, खरं शिक्षकाला स्वतःची तयारी करायला त्याच्यासारखं मराठीत दुसरं नाही.

टायपिंगला जीबोर्डचं, म्हणजे गुगलच्या मोबाईल कीबोर्डचं, व्हॉईस टायपिंग. प्रश्नपत्रिका मी आता बोलून लिहिते, नंतर ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं हातानं घालते, अर्ध्या वेळात होतं. गुगल लेन्सनं कन्नड सर्क्युलरचा फोटो काढून मराठीत बघता येतं, नवीन शिक्षिकांना सुरुवातीला आधार होतो, तारीख आणि आकडे मात्र मूळ कागदावरच बघायचे. गुगल फॉर्मवर टेस्ट देणं आमच्यात जमलं नाही, बाबांचा मोबाईल रात्री येणार आणि पोरं तोवर झोपलेली. बेळगाव शहरातल्या, टिळकवाडी-शहापूरकडच्या शाळांत चालेल. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहून काही टाकत नाही, आवाजाचा मेसेज टाकते, एक मिनिटाच्या आत, कारण वाचणारे कमी आणि ऐकणारे सगळे. २०२० साली कोरोनात शाळा बंद असताना सरकारच्या विद्यागम योजनेच्या वेळी देवळात, कट्ट्यावर पोरं गोळा करून शिकवलं तेव्हापासनं ही सवय लागली.

आता पैशाचं. आमच्या शाळेत एका कंपनीचा माणूस आला होता, नाव घेत नाही, स्मार्ट क्लासचं पॅकेज घेऊन. पहिली ते सातवी, मराठी माध्यम, ॲनिमेशन, सगळं तयार. एसडीएमसीच्या, म्हणजे गावातल्या शाळा समितीच्या लोकांनी गावात वर्गणी काढली, शेतात राबणाऱ्या माणसांनी पाचशे-पाचशे दिले. घेतल्यावर उघडून बघितलं तर पहिल्या पानावर कर्नाटक लिहिलंय आणि आत धडे सगळे महाराष्ट्राच्या क्रमानं, परिसर अभ्यासात जिल्हा म्हणून दुसऱ्याच जिल्ह्याचा नकाशा. फोन केला तर अपडेट येईल म्हणाले. अपडेट आलं नाही, आणि एक वर्ष झाल्यावर ते उघडायचंच बंद झालं, परत पैसे भरा म्हणून. गावाला काय तोंड दाखवायचं असं झालं होतं मला, कारण घ्या म्हणून मीपण म्हटलं होतं. म्हणून कुणीही असं काही विकायला आलं तर त्याच्यासमोर आपलं पुस्तक ठेवा, मधलं कुठलंही पान उघडा आणि हाच धडा आत्ता इथं दाखवा म्हणा. नेट बंद करून दाखवा म्हणा. आणि वर्ष संपल्यावर काय काय उघडं राहणार ते कागदावर लिहून घ्या. वर जी टूल्स सांगितली ती फुकटची आहेत आणि त्यांनी मला त्या पॅकेजपेक्षा दसपट काम दिलंय.

एआय चॅटबॉटबद्दल सगळ्याजणी विचारतात. मी वापरते, प्रश्नांचे नमुने काढायला, एकाच गणिताची दहा वेगवेगळी उदाहरणं करायला, त्यात खूप वेळ वाचतो. खरं माहितीसाठी त्याच्यावर विसंबायचं नाही. एका चॅटबॉटला मी कित्तूरच्या राणी चन्नम्मांवर पाचवीसाठी दहा ओळी मागितल्या, मराठी छान होतं, आणि उठावाचं साल चुकीचं. साल १८२४. आपल्या जिल्ह्याचा इतिहास, पोरांना तोंडपाठ असतो, म्हणून पकडला गेला, दुसरं काही असतं तर तसंच वहीत उतरलं असतं.

पोरांच्या माहितीची काळजी घ्या हे पण सांगायचं होतं. कुठल्याही परक्या साईटवर मी पूर्ण नाव, फोटो, पत्ता, पालकांचा नंबर टाकत नाही. प्लिकर्समध्ये माझ्या वर्गातली पोरं नुसत्या पहिल्या नावानं आणि हजेरी नंबरानं आहेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती धरलेली आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराची माहिती आहे, आपल्या पोराची जपतो तशीच जपायची.

नवीन सुरुवात करायची असेल तर सगळं एकदम डोक्यावर घेऊ नका. जूनमध्ये नुसती प्लिकर्सची कार्डं छापा आणि पहिला महिना तेवढंच, रोज तासाच्या शेवटी दोन प्रश्न. पावसाचा जोर वाढायच्या आत बेळगावला एक फेरी मारून गोष्टी आणि सिम्युलेशन पेनड्राईव्हवर भरून आणा. आणि कन्नडच्या सरांशी नाहीतर मॅडमशी बोला, सोमवार-गुरुवारचं ठरवा, ते एकट्यानं होत नाही.

स्टोरीवीव्हरवर आपण स्वतः भाषांतर करून पण टाकू शकतो, त्याला खातं उघडावं लागतं बस. सध्या आमची सातवीची पोरं एक पहिल्या पातळीची कन्नड गोष्ट मराठीत आणायला बसलीत, वाक्यं बारा आणि भांडणं चाळीस, एका वाक्यात हुडकणे ठेवायचं की शोधणे यावर दोन दिवस गेले. पोरांनी मत टाकलं, कार्डं वर धरून, हुडकणे जिंकलं. अजून दोन पानं राहिलीत, झाली की ट्रेनिंगच्या ग्रुपवर लिंक टाकते.